डुकोचा जोड

ठाण्यात कोपरीच्या गॅरेजात मी 1974 साली रंगकाम शिकायला लागलो, तेव्हा 'गाडी रंगवायची' असं कुणी म्हणत नसे. 'डुको मारायचा' म्हणत. डबा कुठल्याही कंपनीचा असो, आमच्यासाठी तो डुकोच. हे नाव मुळात अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीचं. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवलेला नायट्रोसेल्युलोज लॅकर, आमच्या तोंडी एनसी. जनरल मोटर्सने तो 1924 च्या ओकलंड गाड्यांवर मारला. त्याआधी ब्रशने वार्निशाचे थर चढवायचे आणि गाडी वाळायला आठवडे जायचे. डुकोने ते काम तासांवर आणलं.

आपल्याकडेही तो लवकर पोचला. 1928 साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायचा कारखाना काढला आणि 1954 पर्यंत चालवला. त्या काळातल्या शेव्हरोले गाड्यांवर मला शिकवणाऱ्या उस्तादांचा हात बसला होता. मग कुर्ल्याच्या फियाट आल्या. गॅरेजात त्यांनाही एनसीच लागायचा. 1990 च्या दशकात कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरच्या कारखान्यात प्यूजो 309 बनू लागली, त्या सुमारास आमच्या फळीवर पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन रंगाचे डबे दिसायला लागले.

पीयू टिकतो, चमकतो, मी तोही पुष्कळ मारला. पण हार्डनर घातलेला रंग एकदा पकडला की थिनरला दाद देत नाही. मधेच टचअप केला तर कड दिसते, ती लपवायला अख्खं पॅनेल मारावं लागतं. एनसीची जात वेगळी. त्यातला थिनर उडून गेला की रंग घट्ट होतो, बाकी आत काही बदलत नाही. म्हणून पन्नास वर्षांनीसुद्धा थिनर लागला की तो विरघळतो. नवा कोट जुन्यात मुरतो आणि जोड सापडत नाही.

तीन वर्षांपूर्वी डोंबिवलीत माझ्याकडे 1948 ची शेव्हरोले फ्लीटमास्टर आली. मागचा मडगार्ड खरवडला होता. मालक म्हणाले, "काका, सगळा रंग काढा, पीयू मारून टाका." मी म्हटलं, "आठ दिवस द्या, मग ठरवा."

दाराच्या खांबावरची रबराची बीडिंग सोडवली. तिच्याखाली ऊन कधी पोचलं नव्हतं. फडक्यावर रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हाताने घासलं, तर मळाखालून दाट हिरवा निघाला, करवंदाच्या पानासारखा. छतावरचा हिरवा मात्र उन्हाने पिवळटला होता. आता शेड कुठली धरायची? नवशिका खांबावरची धरतो, आणि मग मडगार्ड ठिगळासारखा दिसतो. मी मडगार्डशेजारचा पत्रा पॉलिश करून त्याची शेड धरली. हिरव्यात पिवळा ऑक्साइड, मग काळा, काडीच्या टोकाने. ओला एनसी फिका दिसतो, वाळला की गडद होतो, म्हणून प्रत्येक नमुना पत्र्याच्या तुकड्यावर मारून वाळवायचा आणि सकाळी दारात, उजेडात धरायचा. ट्यूबलाइट हमखास फसवते. अकरावा नमुना जुळला.

दिवस पावसाचे होते. दमट हवेत थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग पांढरा पडतो. आमच्या खाडीकाठच्या ठाण्याने हे मला पहिल्याच जुलैत शिकवलं होतं. म्हणून उघडीप मिळेपर्यंत गनला हात लावला नाही. मग पातळ कोट, कडेला आणखी पातळ, आठवडाभर विश्रांती, बारीक वॉटर पेपर, शेवटी पॉलिश. मालकांनी बोट फिरवून जोड शोधला. सापडला नाही.

बारीक भेगा पडलेला लॅकर वाचत नाही, तो काढावाच लागतो. पण ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे, त्यांनी पत्रा उघडा करायच्या आधी एवढं करा: डिकीच्या आतल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा फिरवा. बोळ्याला रंग लागला तर तो बहुधा एनसी आहे. तो खरवडू देऊ नका.