पटकथाकार विजय तेंडुलकर

नाटककार म्हणून विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांच्याविषयी आजवर विपुल लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती येथे करावयाची नाही. त्यांच्या कर्तृत्वाचे दुसरे अंग, म्हणजे पटकथालेखन, हे मात्र नाटकांच्या कीर्तीखाली झाकून गेले. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ हे चित्रपट आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांत पाहिले गेले आहेत. त्यांतील नट सर्वांस आठवतात, दिग्दर्शकाचे नावही पुष्कळांस सांगता येते. परंतु ती कथा पडद्यावर कोणत्या क्रमाने उलगडावी हे ज्याने ठरविले, त्याचे नाव विचारले असता बहुधा उत्तर येत नाही.

याचे एक कारण असे की, चित्रपटाचा लेखक म्हणजे संवाद लिहिणारा, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः पटकथा आणि संवाद ही दोन भिन्न कामे होत. कोणता प्रसंग आधी, कोणता मागून, कोणती गोष्ट प्रेक्षकास दाखवावयाची आणि कोणती झाकून ठेवावयाची, पात्राने कोठे बोलावे व कोठे गप्प राहावे, हे सर्व पटकथेत ठरते. तेंडुलकरांच्या हिंदी चित्रपटांकडे पाहिल्यास हा भेद स्पष्ट होतो. ‘निशांत’ (१९७५) व ‘आक्रोश’ (१९८०) यांचे संवाद सत्यदेव दुबे यांचे, ‘मंथन’चे (१९७६) कैफी आझमी यांचे आणि ‘अर्धसत्य’चे (१९८३) वसंत देव यांचे आहेत. म्हणजे या चारही चित्रपटांत ऐकू येणारे शब्द दुसऱ्याचे. तरीही चौघांची घडण एकाच हातची आहे, हे सावध प्रेक्षकास ओळखता येते.

हा हात तयार कसा झाला? १९४२ च्या चळवळीत तेंडुलकरांची शाळा सुटली ती सुटलीच. (सारा जन्म हजेरीपट घेऊन काढलेल्या आम्हा मंडळींनी हे निमूटपणे ऐकून घ्यावे, हे बरे!) पुढे वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत त्यांची पुष्कळ वर्षे गेली. त्यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावर १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी चित्रपट काढला, त्याचे छायालेखन गोविंद निहलानी यांचे होते. हेच निहलानी पुढे ‘आक्रोश’ व ‘अर्धसत्य’चे दिग्दर्शक झाले. त्यानंतर १९७३ ते १९७५ या काळात नेहरू अभ्यासवृत्ती घेऊन तेंडुलकरांनी समाजातील वाढत्या हिंसेचा अभ्यास केला. पटकथालेखनास खरा बहर आला तो याच सुमारास, आणि हा निव्वळ योगायोग आहे असे मला वाटत नाही.

‘सामना’ व ‘निशांत’ या दोहोंच्या मध्यभागी एकेक मास्तर आहे, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाच्या मनात घर करून राहिली आहे. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘सामना’तील मास्तर (डॉ. श्रीराम लागू) हा व्यसनाने खचलेला जुना गांधीवादी. साखर कारखान्याचा सर्वसत्ताधीश हिंदुराव (निळू फुले) त्याला आश्रय देतो, खाऊपिऊ घालतो. मास्तर बदल्यात काय करतो? नाहीशा झालेल्या मारुती कांबळे नावाच्या माणसाची चौकशी करतो. पुनःपुन्हा, ज्याला त्याला. त्याच्याजवळ अधिकार नाही, पैसा नाही, धड शुद्धही नाही. केवळ एक प्रश्न आहे, आणि तेवढ्याने वाड्याचा पाया हलू लागतो. हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेसाठी गेला होता.

श्याम बेनेगल यांच्या ‘निशांत’मध्ये काळ १९४५ चा, प्रदेश तेलंगणाचा. जमीनदाराचे भाऊ शाळामास्तराची पत्नी पळवून नेतात. मास्तर पोलीस, वकील, कलेक्टर अशा साऱ्यांची दारे ठोठावतो आणि रिकाम्या हाताने परततो. शेवटी पुजाऱ्याच्या साहाय्याने तो गाव उठवितो. परंतु उठलेला जमाव त्याच्या पत्नीलाही जिवंत सोडीत नाही. दुसरा एखादा लेखक येथे न्यायाचा विजय दाखवून प्रेक्षकास सुखाने घरी पाठविता. तेंडुलकरांनी तसे केले नाही. हा शेवट पुष्कळांस क्रूर वाटतो. मलाही वाटतो, परंतु खोटा वाटत नाही.

‘मंथन’ची कथा तर शिकविण्यासारखी आहे. गुजरातेतील पाच लक्ष दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन त्याचे भांडवल उभे केले. सहकाराचे गुणगान करणारा प्रचारपट लिहून देणे अशा वेळी किती सोपे होते! परंतु पटकथेत सहकारी संस्था उभारावयास आलेल्या डॉक्टर रावांची वजनदार मंडळींच्या खटपटीने बदली होते आणि ते काम अर्धवट टाकून निघून जातात. मागे राहतो तो गावातला भोला. संस्था पुढे चालते ती त्याच्या हट्टाने. या पटकथेस राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. २०२४ साली या चित्रपटाची नूतनीकृत प्रत कान येथील महोत्सवात दाखविण्यात आली.

‘आक्रोश’मध्ये तर नायक लहान्या भिकू हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहूनही तोंड उघडीत नाही. बोलक्या नाटकांच्या लेखकाने मुका नायक निर्माण करावा, यातच त्याने पडद्याचे माध्यम किती आत्मसात केले होते ते दिसून येते.

दुसऱ्याच्या साहित्यास हात घालतानाही त्यांनी संकोच केला नाही. ‘सिंहासन’साठी (१९७९) अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ व ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्या त्यांनी एकत्र विणल्या. ‘उंबरठा’ (१९८२) शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून, तर ‘अर्धसत्य’ श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून सिद्ध झाला. मूळ लेखकांचा मान यात कमी होत नाही.

दूरदर्शनसाठी त्यांनी ‘स्वयंसिद्धा’ ही मालिका लिहिली. तीत प्रमुख भूमिका त्यांची कन्या प्रिया हिची होती, जिला ‘रजनी’ (१९८५) या मालिकेमुळे सारा देश ओळखतो. पुढे केतन मेहता यांच्या ‘सरदार’साठी (१९९३) वल्लभभाई पटेलांचे चरित्र त्यांनी पटकथेत बांधले. येथे कथा शोधावयाची नव्हती, सर्वांस ठाऊक असलेल्या इतिहासातून काय वगळावे एवढेच ठरवावयाचे होते. आणि एका चित्रपटाच्या अवधीत फाळणी व संस्थानांचे विलीनीकरण बसविणे हे काही लहान काम नव्हे.