न खपलेल्या नांगराची दोन वर्षे

लक्ष्मणराव किर्लोस्करांची हकिगत मराठीत बहुधा जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. लोखंडी नांगर केला, लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकऱ्यांनी तो नाकारला, लक्ष्मणराव डगमगले नाहीत, अखेर नांगर खपला. यात खोटे काही नाही. पण जिद्द बुडालेल्या कारखानदारांकडेही असते. लक्ष्मणरावांचा हट्ट धंदा करण्यापुरता होता. कशाचा धंदा, हे मात्र त्यांनी खुले ठेवले. १८८८ साली बेळगावात भावाबरोबर दुकान निघाले ते सायकलींचे. मग आले कडबा कापण्याचे यंत्र, आणि १९०३ साली नांगर. कडबायंत्राचे गिऱ्हाईक शेतकरीच. म्हणजे नांगराची उडी अंधारात असली, तरी पायाखालची जमीन थोडी चाचपलेली होती.

पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. त्यासाठी शेतकऱ्याला अडाणी ठरवणे सोपे आहे, आणि चूकही. कारखान्यात साचा बिघडला तर लोखंड पुन्हा वितळवता येते. नांगरट फसली तर शेतकऱ्याचे वर्ष जाते. ज्याच्याकडे वर्षाला एकच प्रयोग शिल्लक असतो, तो आधी दुसऱ्याच्या शेताकडे बघणारच. जाहिरातीपेक्षा शेजारच्या रानात पालथी पडलेली ढेकळे त्याला अधिक पटणार.

यावर आक्षेप असा, की ही सारी औंधच्या राजाची कृपा. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, पैसेही दिले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. हा आश्रय नसता तर कारखाना कदाचित तिथेच संपला असता, हे मान्यच करायला हवे. पण क्रम पाहावा: नांगर विकला जाऊ लागला होता, राजाश्रय त्यानंतरचा. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. असेच चाचपडत चाललेले कितीतरी छोटे कारखाने बंद पडले, त्यांच्या कथा कोण लिहितो? खरे आहे. प्रयोग करणारा जिंकतोच, असे इथे म्हणणे नाही. एक फसला तरी दुसरा करता येईल इतकाच डाव मांडला, तर माणूस खेळात राहतो, एवढेच.

त्याच वाडीतून पुढे उसाचे चरक निघाले, पंप निघाले, आणि १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिकही निघाले.