डॉकर म्हणजे काय? लिनक्स सर्व्हरवर ते कसं बसवायचं आणि डेटा कसा जपायचा?

'माझ्या कॉम्प्युटरवर तर चालतंय!' सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येक टीममध्ये हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतंच. लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारी वेबसाइट सर्व्हरवर चढवली की बंद पडते. कारण बहुतेक वेळा साधं असतं. लॅपटॉपवर पायथॉनची एक आवृत्ती असते, सर्व्हरवर दुसरी. एखादी लायब्ररी इथे असते, तिथे नसते.

हा घोळ टाळण्यासाठी कंटेनर वापरले जातात आणि कंटेनर चालवणारं सर्वांत परिचित सॉफ्टवेअर म्हणजे डॉकर. ते बसवायला काही मिनिटं पुरतात. पण बसवल्यानंतरच्या दोन-तीन चुकांमुळे अख्खा डेटाबेस हातचा जाऊ शकतो किंवा सर्व्हर परक्यांसाठी उघडा पडू शकतो.

कंटेनर म्हणजे नेमकं काय?

प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइल्स एकत्र बांधून, बाकी सर्व्हरपासून वेगळ्या खोलीत चालवणं म्हणजे कंटेनर. व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रत्येक वेळी पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करावी लागते. कंटेनर मात्र सर्व्हरचाच लिनक्स कर्नल वापरतो. त्यामुळे तो क्षणात सुरू होतो आणि मेमरीही कमी खातो.

यामागे कर्नलमधल्या दोन सोयी आहेत. 'नेमस्पेस'मुळे कंटेनरला फक्त स्वतःच्या प्रोसेस, स्वतःचं नेटवर्क आणि स्वतःच्या फाइल्स दिसतात. 'सीग्रुप्स'मुळे त्याने किती मेमरी आणि प्रोसेसर वापरायचा, यावर मर्यादा घालता येते. या सोयी डॉकरच्या आधीपासून होत्या, पण वापरायला किचकट होत्या. डॉटक्लाउड कंपनीच्या सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये पायकॉन परिषदेत डॉकर पहिल्यांदा जगासमोर मांडलं आणि हे काम एका कमांडवर आलं.

इमेज आणि कंटेनर यात फरक काय?

इमेज म्हणजे साचा आणि कंटेनर म्हणजे त्यातून काढलेली मूर्ती. एका साच्यातून कितीही मूर्ती काढता येतात. एखादी फुटली तरी साचा शाबूत राहतो. पण त्या मूर्तीवर केलेलं रंगकाम मूर्तीबरोबरच जातं. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

तयार इमेज 'डॉकर हब' या ऑनलाइन भांडारात मिळतात. एनजिनएक्स, मारियाडीबी, वर्डप्रेस अशा अनेक सॉफ्टवेअरच्या अधिकृत इमेज तिथे आहेत.

उबंटू सर्व्हरवर डॉकर कसं बसवायचं?

(इथे कमांडचे उच्चार दिले आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या असतात.)

सोपा मार्ग म्हणजे उबंटूच्या स्वतःच्या भांडारातलं पॅकेज. त्याचं नाव 'डॉकर डॉट आयओ' असं आहे. नुसतं 'डॉकर' नाही, कारण त्या नावाचा डेस्कटॉपवरच्या आयकॉनसाठीचा एक वेगळा, जुना प्रोग्राम आधीपासून होता.

नवी आवृत्ती हवी असेल तर डॉकरचं अधिकृत भांडार जोडावं लागतं. त्याचे टप्पे असे:

१. आधी बसवलेली जुनी डॉकर पॅकेजेस काढून टाकायची.

२. 'सुडो एपीटी अपडेट' चालवून 'सीए-सर्टिफिकेट्स' आणि 'कर्ल' ही पॅकेजेस बसवायची.

३. डॉकरची सही तपासणारी किल्ली 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एपीटी'च्या 'कीरिंग्ज' फोल्डरमध्ये उतरवायची. पॅकेज खरोखर डॉकरकडूनच आलं आहे, याची खात्री या किल्लीमुळे होते.

४. अधिकृत भांडाराचा पत्ता एपीटीच्या यादीत टाकून पुन्हा अपडेट करायचं.

५. पाच पॅकेजेस बसवायची: डॉकर-सीई, डॉकर-सीई-सीएलआय, कंटेनरडी डॉट आयओ, डॉकर-बिल्डएक्स-प्लगइन आणि डॉकर-कंपोझ-प्लगइन.

मग 'सुडो डॉकर रन हॅलो-वर्ल्ड' ही कमांड द्यायची. इमेज सर्व्हरवर नसल्यामुळे डॉकर ती हबवरून उतरवतं, कंटेनर बनवतं, स्वागताचा संदेश छापतं आणि थांबतं. त्यानंतर 'डॉकर पीएस'ची यादी रिकामी दिसली तर घाबरायचं कारण नाही. ती फक्त चालू कंटेनर दाखवते. थांबलेलेही पाहायचे असतील तर पुढे 'हायफन ए' जोडायचं.

कंटेनर का बंद पडला, हे 'डॉकर लॉग्ज' आणि पुढे त्याचं नाव दिलं की कळतं. 'डॉकर स्टॉप' त्याला थांबवतं आणि 'डॉकर आरएम' काढून टाकतं.

डेटा कुठे हरवतो?

कंटेनरच्या आत लिहिलेली माहिती कंटेनर काढून टाकला की जाते. आवृत्ती बदलताना जुना कंटेनर काढून नवा बनवणं ही रोजची पद्धत आहे, त्यामुळे हा धोका खरा आहे. उपाय म्हणजे 'व्हॉल्यूम', म्हणजे कंटेनरच्या बाहेर ठेवलेली जागा. मारियाडीबीची माहिती 'व्हार' फोल्डरमधल्या 'लिब'च्या 'मायएसक्यूएल' फोल्डरमध्ये असते. कंटेनर सुरू करतानाच त्या जागी नाव दिलेलं व्हॉल्यूम जोडलं, तर नवा कंटेनर तीच माहिती पुढे वापरतो.

डेटाबेसच्या काही इमेज स्वतःहून बिननावाचं व्हॉल्यूम बनवतात. पण नवा कंटेनर ते आपोआप उचलत नाही आणि सफाईच्या कमांडमध्ये ते उडू शकतं.

अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या कंपोझमध्येही एक सापळा आहे. 'डॉकर कंपोझ डाउन' दिल्यावर नाव दिलेली व्हॉल्यूम्स टिकतात. पण त्यापुढे 'हायफन व्ही' जोडलं की तीही पुसली जातात. एका अक्षराचा फरक आहे, म्हणून व्हॉल्यूम असलं तरी वेगळा बॅकअप हवाच.

फायरवॉल चालू असूनही दार उघडं?

उबंटूवर अनेक जण 'यूएफडब्ल्यू' ही फायरवॉल वापरतात. पण कंटेनरचं पोर्ट बाहेर उघडताना डॉकर स्वतःचे नियम थेट कर्नलमध्ये घालतं आणि ते यूएफडब्ल्यूच्या नियमांआधी लागू होतात. त्यामुळे यूएफडब्ल्यूने बंद ठेवलेलं पोर्टही इंटरनेटवरून दिसू शकतं. डेटाबेस फक्त त्याच सर्व्हरवरून वापरायचा असेल, तर पोर्टच्या आधी १२७.०.०.१ हा पत्ता लिहायचा.

आणखी दोन गोष्टी

दर वेळी सुडो टाइप करायला नको म्हणून वापरकर्त्याला 'डॉकर' ग्रुपमध्ये घालतात. पण या ग्रुपमधली व्यक्ती व्यवहारात सर्व्हरची मालकच होते, कारण ती कंटेनरमधून सर्व्हरची कोणतीही फाइल उघडू शकते. म्हणून सरसकट सगळ्यांना तिथे घालू नये.

शिवाय डॉकरचे लॉग मूळ सेटिंगमध्ये अमर्याद वाढतात आणि डिस्क भरून सर्व्हर अडकू शकतो. 'डिमन डॉट जेसन' या फाइलमध्ये 'मॅक्स-साइझ' आणि 'मॅक्स-फाइल' ठरवून डॉकर पुन्हा सुरू करायचं. ही मर्यादा त्यानंतर बनवलेल्या कंटेनरनाच लागू होते.

सुरुवात कुठून करावी?

खरा डेटा ठेवण्याआधी एक चाचणी करून पाहावी. डेटाबेसचा कंटेनर नाव दिलेल्या व्हॉल्यूमसह सुरू करायचा, त्यात दोन ओळी भरायच्या, कंटेनर काढून टाकायचा आणि त्याच व्हॉल्यूमवर नवा बनवायचा. त्या दोन ओळी परत दिसल्या, तर मांडणी बरोबर आहे. दिसल्या नाहीत, तर नुकसान फक्त दोन ओळींचं झालेलं असेल.