साथ, फौजदारी आणि तुरुंग

एरवी द्राक्षांच्या पेट्या आणि टोमॅटोचे क्रेट वाहणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्यावर, २०२० च्या उन्हाळ्यात, कोरोना साथीच्या टाळेबंदीत, डोक्यावर बोचकी अन् काखेत पोर घेऊन उत्तरेकडे पायी निघालेले मजूर ज्या पिंपळगाव बसवंतने पाहिले, त्या गावाला, तेव्हा अमलात आणलेला साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगात, १८९७ साली, जन्मलेला आहे, याची आठवण क्वचितच झाली असेल. सरकारी हुकुमाची अवज्ञा म्हणजे तत्कालीन भारतीय दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाचा गुन्हा, ही त्याची मेख होती. म्हणूनच त्या वर्षी देशात चोऱ्या घटल्या, तरी या कलमाखालील गुन्हे २९,४६९ वरून ६,१२,१७९ वर गेले. गुन्हेगारी वाढली म्हणावे, की गुन्ह्याची व्याख्याच रुंदावली? मला दुसरे अधिक खरे वाटते.

तुरुंगांत मात्र उलटा प्रवाह सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २३ मार्च २०२० च्या आदेशानुसार राज्याराज्यांत उच्चाधिकार समित्या बसल्या, आणि मे महिन्यात आर्थर रोड तुरुंगात साथ शिरल्यावर महाराष्ट्रानेही हजारो बंद्यांना जामिनावर वा आकस्मिक पॅरोलवर सोडले. २४ मार्च २०२३ रोजी त्याच न्यायालयाने अशा बंद्यांना पंधरा दिवसांत हजर होण्याचे फर्मावले.