आंब्याच्या जोडीला थाई चिकट भात : विदर्भाच्या उन्हाळ्यात, घरच्या घरी

यवतमाळ : आमरसाच्या वाटीत सरगुंडे बुडवून खाणाऱ्या विदर्भाला आंबा आणि पिठूळ पदार्थ यांच्या जोडीचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही. गव्हाच्या पिठाची दोरी काडीवर वळून, वाळवून, उकडून केलेली सरगुंडी आणि रायवळ आंब्याचा रस हे येथील वैशाखातले जुने पक्वान्न आहे. कोकणात हेच नाते तांदूळ आणि नारळ यांचे आहे. तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या शेवया गूळ घातलेल्या नारळाच्या रसात खायच्या, म्हणजे शिरवाळे. थायलंडने या दोन्ही जोड्या एकाच ताटलीत आणल्या आहेत. वाफवलेला चिकट तांदूळ, त्यात मुरलेले गोड नारळाचे दूध आणि शेजारी पिकल्या आंब्याच्या फोडी असा हा पदार्थ ‘खाओ निआओ मामुआंग’ या नावाने ओळखला जातो. ‘खाओ’ म्हणजे भात, ‘निआओ’ म्हणजे चिकट आणि ‘मामुआंग’ म्हणजे आंबा; नावातच पाककृती आली.

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतील कोचेला संगीत महोत्सवात मिली या तरुण थाई गायिकेने मंचावरच हा भात खाल्ला आणि जगभर त्याची चर्चा झाली. आपल्याकडे थायलंडची सहल करून आलेल्या मंडळींनी त्याची चव आधीच चाखलेली होती. घरी आल्यावर तो करून पाहण्याचा मोह अनेकांना होतो आणि बहुतेक वेळा पहिला प्रयत्न फसतो. बासमती वा कोलमचा मऊ भात करून त्यात नारळाचे दूध ओतले की हाती येते ती पातळसर खीर. आंबा उत्तम असतो, नारळ ताजा असतो, साखरेचे मापही बरोबर असते. चुकलेला असतो तो तांदूळ.

तांदळाच्या दाण्यातील स्टार्च दोन प्रकारचे असते, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोजचे प्रमाण अधिक असेल तर शिजलेला भात मोकळा आणि फडफडीत होतो. आपल्या नेहमीच्या मोकळ्या भाताच्या तांदळात ते साधारण पंचमांश ते पाव हिस्सा असते. थाई चिकट तांदळात मात्र अमायलोज जवळजवळ नसतेच. एका जनुकातील बदलामुळे हे घडते, आणि हा बदल आग्नेय आशियात एकदाच होऊन पुढे शेतकऱ्यांनी जपला असावा, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखविले. ईशान्य थायलंड आणि लाओसमध्ये हाच तांदूळ रोजचे अन्न आहे. तेथे तो बोटांनी गोळा करून भाजी-चटणीबरोबर खातात. या तांदळाला इंग्रजीत ‘ग्लुटिनस’ म्हणतात, पण त्यात गव्हातले ग्लुटेन नसते. गव्हाचे पथ्य असणाऱ्यांनी केवळ नाव ऐकून तो टाळू नये.

विदर्भाची आवड नेमकी उलट दिशेची. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ पासून आपल्या शेतातील निवडक लोंब्यांवरून तयार केलेले ‘एचएमटी’ वाण लोकप्रिय झाले ते बारीक दाण्यासाठी आणि मोकळ्या भातासाठी. कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या यवतमाळ जिल्ह्यात तांदूळ मुख्यतः पूर्व विदर्भातून येतो, आणि किराणा दुकानांत मिळतात ते एचएमटी, श्रीराम, चिन्नोर हे सारे या पदार्थाच्या दृष्टीने निरुपयोगी. चिन्नोर सुवासिक आहे, परंतु सुवास आणि चिकटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यामुळे तांदूळ बाहेरून मागवावा लागतो. मोठ्या शहरांतील दुकानांत आणि इंटरनेटवरून थाई चिकट तांदूळ मिळतो. आसामचा ‘बोरा’ तांदूळ त्याच जातकुळीतला असून पुष्कळदा स्वस्त पडतो. तो मिळाला तर थाई तांदळाची वाट पाहू नये. मणिपूरच्या ‘चाखाओ’ या काळ्या तांदळाला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा भात जांभळट होतो आणि नारळाच्या दुधात सुरेख दिसतो, मात्र त्याला भिजायला आणि शिजायला अधिक वेळ द्यावा लागतो.

पिशवीवर ‘चिकट’ लिहिले म्हणून विश्वास ठेवू नये. जपानी सुशीचा तांदूळही याच नावाने खपविला जातो, पण तो वेगळा. खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे दाणा उजेडात धरून पाहणे. साधा तांदूळ काचेसारखा किंचित पारदर्शक दिसतो, चिकट तांदूळ खडूसारखा पांढरा आणि अपारदर्शक. शंका राहिलीच तर दोन-चार दाणे कुटून त्यांवर जखमेवर लावायच्या आयोडीनचा पाण्यात पातळ केलेला थेंब टाकावा. साध्या तांदळाचे पीठ निळे-काळे पडते, चिकट तांदळाचे तांबूस-तपकिरी. तपासलेले दाणे अर्थातच फेकून द्यावेत.

साहित्य (चौघांसाठी) : पाव किलो चिकट तांदूळ, दोन नारळांचे दाट दूध (साडेतीनशे मिलिलिटर), शंभर ग्रॅम साखर, पाऊण चमचा मीठ, एक चमचा तांदळाचे पीठ, दोन चमचे मुगाची डाळ, दोन मोठे पिकलेले आंबे.

कृती : तांदूळ तीन-चार पाण्यांनी, पाणी नितळ दिसेपर्यंत हलक्या हाताने धुवावा आणि भरपूर पाण्यात किमान चार तास, शक्यतो रात्रभर भिजत घालावा. हा टप्पा गाळता येत नाही. चिकट तांदूळ पाण्यात उकळायचा नसून वाफेवर शिजवायचा असतो आणि वाफेतून दाण्याला पुरेसे पाणी मिळत नाही. जे हवे ते त्याने आधीच पिऊन घेतलेले असावे लागते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जात असताना ओट्यावर रात्रभर ठेवलेला तांदूळ सकाळी आंबूस वास धरतो. म्हणून भिजवणे फ्रिजमध्येच करावे.

थायलंडमध्ये हा भात बांबूच्या निमुळत्या टोपलीत वाफवतात. कढी-फुणके करणाऱ्या घरात वेगळे भांडे घेण्याची गरज नाही. फुणक्यांसाठी जशी गंजावर चाळणी बसवतात, तशीच बसवावी. चाळणीत ओले पातळ सुती कापड अंथरून निथळलेला तांदूळ सैलसर पसरावा, कापडाची टोके वर दुमडावीत आणि झाकण घट्ट लावावे. गंजातले पाणी चाळणीला टेकता कामा नये. पंधरा मिनिटांनी कापडासकट भात उलटा करावा, म्हणजे वरचा थर खाली जातो. आणखी दहा-पंधरा मिनिटांत दाणे चकचकीत दिसू लागतात. दाणा चावून पाहावा. मध्ये कणी लागत असेल तर पाण्याचा हबका मारून पुन्हा वाफ द्यावी. इडलीपात्रातही हे काम होते, मात्र भोकांवर कापड हवेच.

भात वाफेवर असतानाच नारळाचे दूध काढावे. ओल्या नारळाचा चव पाऊण पेला कोमट पाण्यासह मिक्सरमधून फिरवून कापडातून पिळला की दाट दूध निघते. दुसऱ्या पाण्याचे पातळ दूध येथे उपयोगाचे नाही. ते संध्याकाळच्या आमटीत जावे. पाव लिटर दाट दुधात साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून मंद आचेवर साखर विरघळेपर्यंतच गरम करावे. उकळी फुटली की दूध फाटून तेल सुटते. गोड पदार्थात अर्धा चमचा मीठ वाचून काही जण हात आखडता घेतील. तसे करू नये, कारण मिठावाचून नारळाची चव उठत नाही आणि साखर घशाला लागते.

आता गरम भात थेट पातेल्यात काढून त्यावर हे कोमट गोड दूध ओतावे, एकदाच हलक्या हाताने कालवावे आणि झाकून अर्धा तास ठेवावे. सुरुवातीला दूध फार झाले असे वाटते. अर्ध्या तासात भात ते सारे पितो. दूध आधीच घालून भात त्यातच का शिजवू नये, याचे उत्तर नारळीभात करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. नारळी पौर्णिमेच्या भातात गूळ लवकर पडला तर तांदूळ ताठर राहतो, मग कितीही वाफ दिली तरी मऊ होत नाही. साखर पाणी धरून ठेवते आणि स्टार्च फुगण्यासाठी लागणारे तापमान वाढवते. दोन्ही पदार्थांचा नियम म्हणून एकच : आधी भात, मग गोड. फरक इतकाच की नारळीभातात लवंग, वेलची, तूप आणि केशर यांचा दरवळ असतो, तर येथे मसाल्याला पूर्ण मज्जाव आहे. वेलची घातली तर पदार्थ बिघडत नाही, पण तो आपला नारळीभातच होऊन बसतो. अंगणात अन्नपूर्णा किंवा आंबेमोहर पात नावाने लावलेली सुवासिक पात असेल तर तिची गाठ दुधात बुडवावी. बासमतीला सुगंध देणारे द्रव्यच तिच्या पानात असते आणि थाई स्वयंपाकात ती सर्रास वापरतात.

उरलेल्या शंभर मिलिलिटर दुधात पाव चमचा मीठ आणि तांदळाचे पीठ कालवून मंद आचेवर सायीसारखे दाट करावे. हे खारट दूध वाढताना वरून घालायचे. मुगाची डाळ तासभर भिजवून, निथळून, कोरड्या तव्यावर कुरकुरीत होईपर्यंत भाजावी. मऊ भातावर तिचा दाताखाली येणारा कुरकुरीतपणाच गंमत आणतो; ती नसेल तर भाजलेले तीळ चालतात.

आंब्याची निवडही विचारपूर्वक करावी. विदर्भातला गावरान आंबा चोखून खाण्याचा. त्याचा रस अमृतासमान असला तरी रेषा असल्यामुळे फोडी होत नाहीत. थायलंडमध्ये ‘नाम दोक माई’ हा लांबट, बिनरेषेचा, पातळ कोयीचा आंबा यासाठी वापरतात. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारा म्हणजे तेलंगणा-आंध्रातून येणारा बैंगनपल्ली. पैनगंगा ओलांडली की तेलंगणाच, त्यामुळे यवतमाळच्या बाजाराला हा आंबा परका नाही. जूनमध्ये दशहरी आणि लंगडाही चालतो. हापूस उत्तम खराच, पण त्याचा गंध इतका प्रखर की नारळ मागे पडतो; किंमत पाहता तो नुसता खाल्लेला बरा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी असली तरी ग्राहकाने सावध असावे. बाहेरून एकसारखा पिवळाधमक, आतून मात्र पांढुरका आणि वासहीन आंबा घेऊ नये. शक्य तर चार दिवस आधी कच्चा फळ आणून घरीच पेंढ्यात पिकवावे.

या पदार्थात खरा धोका आहे तो उन्हाळ्याचा. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू तग धरून राहू शकतात. उबदार हवेत ते वाढून विष तयार करतात आणि उलट्या घडविणारे हे विष भात पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. त्यातच नारळाचे दूध लवकर नासणारे. सकाळी करून रात्रीच्या पंगतीला वाढण्याचा हा पदार्थ नव्हे. एरवी शिजलेले अन्न बाहेर ठेवण्याची मर्यादा दोन तासांची मानतात. वैशाखात ती तासाभराचीच धरावी. फ्रिजमध्ये ठेवावा तर दूध मुरलेला भात घट्ट होतो आणि चव जाते. पाहुणे येणार असतील तर मार्ग एकच. भिजलेला कच्चा तांदूळ आणि खवलेला नारळ फ्रिजमध्ये तयार ठेवावा, जेवणाच्या दीड तास आधी चाळणी गंजावर चढवावी आणि आंबा वाढतेवेळी कापावा.

मधुमेहींच्या घरात आणखी एक भान हवे. अमायलोपेक्टिन पचनात झपाट्याने साखरेत रूपांतरित होते. वर साखर आणि आंबा आहेच. इतरांनीही एका वाटीवर थांबावे, कारण पोटभर खाण्याचा हा भात नव्हे.

चिकट तांदूळ मिळालाच नाही तर इंद्रायणीवर काम भागवता येते. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेले हे वाण १९८७ मध्ये प्रसारित झाले. ते खऱ्या अर्थाने चिकट तांदळात मोडत नाही, तरी भात आसट होतो. एक वाटी तांदूळ तासभर भिजवून दीड वाटी पाण्यात मंद आचेवर शिजवावा, वाफ जिरल्यावर अर्धी वाटीच गोड दूध घालावे. दाण्याची चिवट लवचीक मजा त्यात येत नाही, चव मात्र बरीच जुळते. कोलम वा एचएमटीवर नारळ खर्च करू नये.

आंब्याचा हंगाम सरला की थायलंडमध्ये याच भाताबरोबर नारळाच्या दुधातले अंड्याचे कस्टर्ड किंवा डुरियन हे फळ खातात. यवतमाळकरांना आश्विनात सीताफळ आहे. बिया काढलेला त्याचा गर नारळाच्या भाताशेजारी असा शोभतो की आंब्याची आठवण होऊ नये. साखर मात्र निम्मी करावी. विदर्भात संत्र्याचा प्रश्न निघणारच, पण त्याचा आंबट रस नारळाच्या दुधाशी जुळत नाही. केळी बारमाही मिळतात. केळ्याची उभी फोड दूध मुरलेल्या भातात दडपून, केळीच्या पानात घट्ट बांधून पाऊण तास वाफवली की थायलंडमधलाच ‘खाओ तोम मत’ हा दुसरा पदार्थ तयार होतो. तेथे त्यात थोडे शिजवलेले काळे घेवड्याचे दाणेही घालतात.