मोहरीचा दाणा: मुंबई ते मुटारे



सुरतेतली आपली मराठी उपासना लहान आहे. "आपण इतके थोडे, आपल्याने काय होणार?" असे कोणी म्हटले की मला विल्यम टेलर आठवतात.

1871 साली हे मेथडिस्ट उपदेशक मुंबईत आले. घराघरांत प्रार्थनासभा भरल्या. मराठी मुलखात आयुष्य वेचणारे जॉर्ज बोवेन त्यांना येऊन मिळाले. मंडळीने परदेशी पैशावर न विसंबता आपला खर्च आपण उचलावा, हा टेलर यांचा आग्रह.

1884 साली टेलर आफ्रिकेचे बिशप झाले. त्यांच्यामागून आलेले बिशप हार्टझेल यांना 1898 साली आजच्या झिंबाब्वेतील जुन्या उमताली गावाची जागा सेसिल ऱ्होड्स यांच्या कंपनीकडून मिळाली. जमीन मुळात तिथल्या मान्यिका लोकांची होती, हेही विसरू नये. पुढे त्याच मिशनच्या जमिनीवर, मुटारे शहराजवळ, 1992 साली आफ्रिका विद्यापीठ सुरू झाले. पहिले विद्यार्थी अवघे 40!

टेलर 1902 सालीच प्रभूत निजले होते. पेरणाऱ्याने पीक पाहिले नाही.

म्हणून पुढच्या रविवारी संडे स्कूलला चारच मुले आली, तरी धडा मन लावून शिकवू या. वाढवणारा देव आहे. आमेन.