दस्त्याचं लाकूड

आमच्या आजोळी, खानापूरच्या जंगलपट्टीत, पिकाच्या राखणीसाठी परवान्याची एक ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भातात शिरली की मामा ती घेऊन माळ्यावर जायचा. एका पावसाळ्यात ती त्याच्या खांद्यावरून निसटली, अंगणाच्या दगडी पायरीवर आपटली आणि दस्ता मुठीच्या जागी तुटला. नळीला साधा ओरखडाही नव्हता. लाकूड मात्र वरून खाली तिरकं, करवतीनं कापावं इतकं स्वच्छ चिरलं होतं. लहानपणी पाहिलेली ती तिरकी चीर माझ्या डोक्यातून गेली नाही. बंदुकीच्या लाकडाचं कूळ शोधायला मी लागलो तो तिच्यामुळे.

आधी शब्दांचं पाहू. ‘दस्त’ म्हणजे फारसीत हात. हातात धरायचा तो दस्ता. दस्तऐवज, दस्तक ही त्याचीच भावंडं, आणि चोवीस कागदांचा दस्ताही त्याच घरातला. बंदुकीच्या याच भागाला हिंदी-उर्दूत ‘कुंदा’ म्हणतात. फारसीत कुंदा म्हणजे झाडाचा ओंडका. बेळगावच्या खव्याच्या कुंद्याशी त्याचं नातं मी जोडणार नाही, तसा पुरावा नाही. पण खुद्द ‘बंदूक’ हा शब्द कुठून आला ते ऐकलं की नवल वाटतं. काळ्या समुद्राकाठच्या पाँटस प्रांतातून येणाऱ्या एका कवचाच्या फळाला ग्रीक लोक ‘पाँटसचं फळ’ म्हणत. आज बाजारात हेझलनट म्हणून मिळतं ते हेच. त्या नावावरून अरबीत ‘बुंदुक’ झालं. मग त्या फळाएवढ्या, धनुष्यातून मारायच्या मातीच्या गोळीला तेच नाव पडलं, आणि शेवटी गोळी उडवणाऱ्या हत्याराला. म्हणजे बंदूक हे मुळात फळाचं नाव. आणि जगातल्या उत्तम बंदुकांचा दस्ता ज्या झाडाचा, ते अक्रोड, संस्कृतातलं अक्षोट, हेही कवचाच्या फळाचंच झाड. दोन्ही फळं एकाच हत्याराच्या दोन टोकांना येऊन भेटली.

पहिल्या हातबंदुका म्हणजे काठीला बांधलेली लोखंडी नळी. काठी काखेत धरायची आणि दुसऱ्या हातानं बत्ती द्यायची. नेम धरायचा तर डोळा नळीच्या रेषेत आणावा लागतो आणि धक्का अंगावर घ्यावा लागतो, म्हणून काठीचा हळूहळू दस्ता झाला. या प्रवासातला एक मोठा टप्पा आपल्या घाटाखालीच घडला. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवं घेतलं तेव्हा तिथं बंदुका घडवणारे कसबी कारागीर आधीपासून होते. युरोपातली जामगीची, म्हणजे जळत्या वातीची, कळ आणि इथल्या लोहार-सुतारांचा हात एकत्र आला आणि आखूड दस्त्याची, गालाला लावून मारायची बंदूक तयार झाली. त्या घडणीची बंदूक पूर्वेकडे पसरत 1543 मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोचली. जपानी बंदुकांचा दस्ता शेवटपर्यंत गालापाशीच राहिला. गोव्याहून विजापूरकडे जाणाऱ्या घाटवाटांच्या माथ्यावर बेळगावचा किल्ला, आणि सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो आदिलशाहीचा सरदार असदखान लारी याच्या ताब्यात. इथल्या माणसांनी ही नवी हत्यारं फार लवकर पाहिली असणार, असं मला वाटतं.

दख्खनच्या तोड्याच्या, म्हणजे जामगीच्याच, बंदुकीचा दस्ता वेगळाच: सरळ, बारीक, पाच पैलूंचा. नळी त्याला चामड्याच्या वाद्यांनी किंवा तारेनं बांधलेली. लाकूड हाताशी असेल ते. आपल्याकडे सह्याद्रीतली काळसर शिसव यासाठी नावाजलेली. मग अक्रोडच का श्रेष्ठ मानला गेला? तो आपल्या रानात होत नाही. त्याला थंडी लागते, आपल्याकडे येतो तो काश्मीर-हिमाचलातून. कारण वजनात आणि स्वभावात आहे. सुकलेल्या अक्रोडाचा घनफूट साधारण 18 किलो भरतो, शिसवीचा 24 च्या घरात. सागवान वजनाला अक्रोडाच्या जवळ जातं, पण धक्क्याला लवकर फुटतं आणि त्यातल्या वाळूसारख्या कणांनी पटाशीची धार जाते. अक्रोड एकदा नीट सुकला की पावसाळ्यात फारसा फुगत नाही, उन्हाळ्यात फारसा आक्रसत नाही. नळी लाकडात केसभरही हलली तर नेम चुकतो, तेव्हा हा गुण सगळ्यांत मोठा. शिवाय तो चिवट आहे, आणि मुठीवर बारीक चौकड्या कोरल्या तरी त्यांच्या कडा झडत नाहीत.

खास एका माणसासाठी रायफल घडवायची तर आधी फळी निवडावी लागते. अडीच इंच जाड, तीन फूट लांब, मागच्या टोकाला आठ इंच रुंद. इंचाला एक वर्ष या हिशेबानं ती दोन-तीन वर्षं सावलीत सुकलेली हवी, आणि सुकताना टोकांना मेण लावलेलं हवं, नाहीतर तिथूनच तडकते. नवखा माणूस फळीवरच्या लाटा पाहून भुलतो. या लाटा, ढगासारखी नक्षी, बुंध्याच्या मुळाजवळ किंवा फांदी फुटते तिथं असतात, आणि तिथं लाकडाचे धागे वाकडेतिकडे गेलेले असतात. खांद्याला टेकणाऱ्या रुंद भागात नक्षी चालते, तिथं लाकूड भरपूर असतं. मुठीची जागा मात्र सगळ्यांत बारीक, आणि धक्क्याचा सगळा ताण तिच्यातूनच जातो. तिथले धागे मुठीच्या वळणाबरोबर गेले पाहिजेत. ते तिरके बाहेर पडत असतील तर फळी कितीही देखणी असो, ती पहिल्याच आपटण्यात मोडणार. आमच्या मामाच्या बंदुकीचं तेच झालं होतं.

सैन्याच्या रायफलीत इतकी चैन नसते, पण माप तिथंही असतं. ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड रायफलीचा दस्ता, सैनिकांच्या भाषेत बट, म्हणजे दोन तुकड्यांच्या लाकडातला मागचा वेगळा भाग. तो लांब, मध्यम, आखूड आणि त्याहून आखूड अशा मापांत मिळे आणि मापाचं अक्षर लाकडावर ठोकलेलं असे. सैनिकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे बट बदलता येई. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात या रायफली पिढ्यानपिढ्या बनल्या. आपल्या हवेत पुढचं लाकूड चिरू नये म्हणून तिथं त्यात एक आडवा स्क्रू घालत. इशापूरची खूण म्हणून संग्राहक आज तोच स्क्रू शोधतात. 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात आहे. कोल्हापूर, सातारा, कोकण आणि आमच्या निपाणी-खानापूर भागातल्या पोरांच्या कित्येक पिढ्यांनी लाकडाच्या दस्त्याचा पहिला धक्का खांद्यावर घेतला तो याच गावात.

त्या पलटणीतला एक दस्ता मी विसरू शकत नाही. 10 जुलै 1944, इटलीतलं तिबेर नदीचं वरचं खोरं. तिसऱ्या बटालियनचे नायक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय 22. जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे पडले, उरले ते एकटे. ते थेट त्या मोर्चावर धावले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, टॉमीगननं आणखी एकाला पाडलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी बंदूक उलटी करून नळी हातात धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्याच तडाख्यांनी मारलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते त्याच मोर्चात कोसळले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टॉमीगनचा दस्ता अमेरिकी काळ्या अक्रोडाचा असे. गोळ्या संपल्यावर त्या माणसाच्या हाती तेवढं लाकूड राहिलं होतं. फळी निवडताना धाग्यांसाठी एवढा जीव टाकणारे सुतार अशाच क्षणासाठी तो टाकत असावेत, असं मला मनापासून वाटतं.

आज सैन्याच्या हातात बहुतेक प्लॅस्टिकचे दस्ते आहेत. लाकडाची परंपरा उरली ती श्रीनगरच्या रैनावारीसारख्या जागी. तिथला एक मोहल्ला बंदूकखार म्हणूनच ओळखला जातो, काश्मिरीत खार म्हणजे लोहार. काश्मिरात अक्रोडाचं झाड मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही, त्याला कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याकडची शिसवही आता सहज मिळत नाही.

मामाच्या बंदुकीला नवा दस्ता बसवला तो निपाणीकडच्या एका म्हाताऱ्या सुतारानं. त्यांनी उभा जन्म तंबाखूच्या गाड्या केल्या होत्या. चाकाच्या तुंब्याला बाभूळच का, हे ते लाकूड नुसतं हातात घेऊन सांगत. त्यांच्याकडे जुन्या वाड्याच्या मोडलेल्या दिवाणातल्या शिसवीच्या दोन फळ्या होत्या. एकीवर जांभळ्या-काळ्या लाटा होत्या, मामाला तीच हवी होती. सुतारकाकांनी ओल्या फडक्यानं दोन्ही पुसल्या, पाणी वाळायच्या आत लाकडातली रेषा अंगठ्यानं माग काढत मुठीच्या जागेपर्यंत आणली, आणि लाटांची फळी बाजूला ठेवली. “ही देव्हाऱ्याला ठेव,” म्हणाले. साध्या फळीतून त्यांनी चार दिवसांत दस्ता काढला, रंध्यानं, कानशीनं, मग काचेच्या तुकड्यानं खरवडून, आणि वर जवसाच्या तेलाचे हात.

निवडणुका आल्या की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. मामा बंदूक परत आणायला जायचा तेव्हा आधी नळी बघायचा नाही. दस्त्याला बांधलेली चिठ्ठी सोडायचा, मुठीच्या जागेवरून अंगठा एकदा फिरवायचा, आणि मग सही करायचा.